सकाळी सातची शिट्टी

बाईंच्या गळ्यात शिट्टी असे. निळ्या नाडीत ओवलेली, शाळेत असते तसली पोलादी शिट्टी. आमच्या संधिवाताच्या आधार गटात एखादा नवा माणूस "माझ्या मेव्हण्याला ना, रोज सकाळी मेथी भिजवून..." असं सुरू करायचा. बाईंची बोटं वाकडी झालेली, चिमूट बसत नसे, म्हणून त्या दोन्ही तळहातांमध्ये शिट्टी धरून तोंडाशी न्यायच्या आणि फुंकायच्या. हॉलच्या खिडक्या थरथरायच्या. शिट्टी झाली की बोलणं बंद आणि सगळ्यांचे दोन्ही हात वर, असा नियम होता.

"जिथपर्यंत जातील तिथपर्यंत," बाई सांगायच्या. "शेजाऱ्याचे बघायचे नाहीत."

मग आम्ही सगळे हात वर करायचो. कुणाचे कानापर्यंत, कुणाचे खांद्यापर्यंत, सायखेड्याच्या नानांचे जेमतेम छातीपर्यंत. मेथीवाला भांबावून बघत राहायचा आणि थोड्या वेळाने त्याचेही हात वर जायचे. तुम्ही म्हणाल, आजारी माणसांशी असं वागतात का? बाई वागायच्या. लसूण, बिब्बा, तांब्याचं कडं, मधमाशीचा डंख, सगळ्यांचा त्यांनी शिट्टीने निकाल लावला होता. त्या मूळच्या पीटीच्या शिक्षिका. हा आजार झाला आणि कवायत सुटली, पण शिट्टी सुटली नाही.

गट रविवारी दुपारी चारला भरायचा. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एक वाचनालय आहे, त्याच्या खालच्या हॉलमध्ये. त्याच इमारतीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणून हॉलची किल्ली माझ्याकडे. आता, चारच का? कारण हा आजार सकाळचा आहे. झोपेतून उठल्यावर सांधे जे धरतात ते दोन-दोन तास सोडत नाहीत. बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. दुपारी आम्ही तुमच्यासारखेच दिसतो, हसतो, सामोसे खातो. म्हणूनच आमच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

माझा संधिवात मणक्याचा. मान वळत नाही. कुणाकडे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं, त्यामुळे मी कुणाकडे बघतोय हे सगळ्यांना कळतं. बसमध्ये म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या सीटवर बसलो म्हणून मला उठवणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा माझ्या लक्षात आहे. बाईंशी माझं जमलं ते यामुळेच. आम्ही दोघेही डूख धरणारी माणसं.

"सावकाश," असं बाई म्हणायच्या. "पण बघून घेईन."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वाचनालयाच्या कार्यवाहांनी सुरुवातीला गटाला वरच्या मजल्यावरची खोली दिली होती. गुडघे गेलेल्या माणसांना वरचा मजला! बाई "सावकाश" एवढंच म्हणाल्या. पुढच्या रविवारी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या, आणि वर कार्यवाहांची मीटिंग सुरू झाली की खालून शिट्टी. मीटिंग थांबली की शिट्टी बंद, सुरू झाली की पुन्हा. संध्याकाळपर्यंत खालचा हॉल आमचा झाला होता.

गटात मात्र त्यांचा एक नियम फार हळुवार होता. नवा माणूस बोलत असताना कुणी शंका घ्यायची नाही. "इथे पुरावा मागायचा नाही," बाई म्हणायच्या. "बाहेर सगळे मागतातच." किती तरी बायका या एका वाक्यावर रडल्या आहेत. पुरुषही रडले, पण ते चष्मा पुसण्याच्या निमित्ताने.

हा नियम कुठून आला ते बाईंनी मला एकदाच सांगितलं, दुकानात बसून. मी त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती काढत होतो.

त्यांची शाळा सकाळी सातची. आजार नुकताच सुरू झालेला, नाव कळलेलं नव्हतं. मुख्याध्यापकाचा शिरस्ता असा, की सातच्या ठोक्याला फाटक बंद. उशिरा आलेली मुलं बाहेर उभी राहायची, आणि त्या मुलांच्या रांगेत एक दिवस पीटीच्या बाईही उभ्या राहिल्या. मग पुन्हा. मग वारंवार. स्टाफरूममध्ये हेडसर बोलला होता, "यांना नोकरी पाहिजे, काम नको." यांना म्हणजे कुणाला, ते त्याने सांगितलं नाही. बाई बौद्ध वस्तीतून येत, आणि यांना म्हणजे कुणाला ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलं होतं.

थंडीचे दिवस होते. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत असेल. प्रार्थनेनंतर त्याने बाईंना पुढे बोलावलं. म्हणाला, "बाई, दुखतंय म्हणता ना? मग हात वर करून दाखवा. मुलांनाही कळू दे." बाईंनी हात वर केले. ते खांद्याशी थांबले. तो मुलांकडे वळून म्हणाला, "बघितलं? आळस असा दिसतो."

"मुलं हसली असतील," मी म्हणालो.

"हसली असती तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "त्यांनी माना खाली घातल्या. माझीच मुलं ती. मी त्यांना मान ताठ ठेवायला शिकवलं होतं."

पुढे संस्थेने त्यांची लांब पेठकडच्या शाळेत बदली केली. ती नोकरी त्यांनी कशी निभावली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना आयुष्यात फक्त एक गोष्ट हवी होती. ती त्यांनी त्या दिवशी स्वच्छ शब्दांत सांगितली: "तो माणूस एकदा सकाळी सातला माझ्या अंगात असला पाहिजे." मी झेरॉक्सचं झाकण लावलं आणि मनातल्या मनात म्हणालो, असं कुठे होतं का?

झालं. एका रविवारी दुपारी चारला तो दारात उभा राहिला.

मी ओळखलं नाही. उंच, गोरा, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी आणि पिशवीचा बंद मनगटावर अडकवलेला, कारण मुठीत धरता येत नसणार. आम्ही सगळे तसंच करतो. पण बाईंचा चेहरा बदलला. आनंद झाला होता त्यांना. मी अख्खा वळून त्यांच्याकडे बघितलं, म्हणून शपथेवर सांगतो.

"तुम्ही... इथे?" तो म्हणाला.

"मीच इथे," बाई म्हणाल्या. "या, हेडसर. बसा."

तो बसला आणि सांगू लागला. निवृत्तीनंतर सुरू झालं. पत्नी गेली, मुलगा परदेशात. सकाळी शर्टाचं बटण लागत नाही. शेजारी म्हणतात, तुम्ही तर चांगले दिसता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण घ्यायचा हुरूप राहिला नाही, बंद केल्यात. डॉक्टर म्हणाले, निदान या गटात तरी जा. मी आदरार्थी बोलत नाही याबद्दल कुणाला वाईट वाटत असेल तर वाटू दे. बाई त्याला अहो-जाहो करत, ती त्यांची शिस्त होती.

त्याचं बोलून झालं. आता बाई नेहमीप्रमाणे म्हणणार, इथे पुरावा मागायचा नाही.

"हात वर करून दाखवा," बाई म्हणाल्या.

त्याने त्यांच्याकडे बघितलं. त्यालाही आठवलं असावं. त्याने हात उचलले. छातीच्या वर जाईनात.

"बघितलं?" बाई आम्हाला म्हणाल्या. "नाटक असं दिसतं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं तेच सांगतो. गटातल्या बाकीच्यांना काही माहीत नव्हतं, ते घाबरून गेले. नाना उठले. "बाई, हे बरं नाय. आपलाच नियम हाय ना?" बाईंनी नानांवर शिट्टी फुंकली. सगळ्यांचे हात वर गेले, नानांचेही.

मग त्या हेडसरला म्हणाल्या, "नव्या माणसाचा वर्ग वेगळा असतो. रविवारी सकाळी सातला इथे या. सातला फाटक बंद होतं."

असा कुठलाच वर्ग नव्हता. तो बाईंनी आत्ताच काढला होता. पण हेडसर "येतो" म्हणाला आणि मनगटावरची पिशवी सावरत गेला. तो येईल असं मला वाटलं नाही. बाई म्हणाल्या, येणार. ज्याचं घरी कुणी ऐकून घेत नाही तो कुठेही येतो.

पुढच्या रविवारी मी किल्ली घेऊन पोचलो तर बाई माझ्या आधी फाटकाशी. त्यांच्या भाच्याने त्यांना रिक्षात घालून आणलं होतं. मी आतून खुर्ची काढून दिली. सकाळी बाईंना बघायची माझी ती पहिलीच वेळ. दुपारच्या बाई वेगळ्या. या बाईंचे हात मांडीवर दगडासारखे पडले होते, मान आखडली होती, आणि खुर्चीवर टेकताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून त्यांनी ओठ दाबून धरले होते. मी विचारलं, "बाई, तुम्हाला कसं जमलं एवढ्या लवकर?" त्या म्हणाल्या, "फाटक लावा."

तो आला तेव्हा सात केव्हाच वाजून गेले होते. शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली, एक पाय चपलेत नीट गेलेला नाही. गजांच्या पलीकडे तो उभा राहिला. अलीकडे बाई. त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि फुंकली. सवयीने माझे हात वर गेले, ते मी गुपचूप खाली घेतले.

"उशीर," बाई म्हणाल्या. "परत जा."

"बाई, बटणं लागत—"

"सगळे हेच सांगतात."

तो परत गेला. गंगापूर रोडकडे फिरायला निघालेली मंडळी बघत होती. बाईंनी मला चहा आणायला पाठवलं. मी आणला. कप त्यांच्या हातात राहीना, मीच धरला, आणि त्या एकेक घोट घेत रस्त्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्यांचं समाधान झालं असेल. म्हणाल्या, "एकदाच झालं. माझं रोज होतं."

त्यानंतरच्या रविवारीही तेच झालं. तो थोडा लवकर आला, तरी उशिराच. दुपारी नानांनी विषय काढला. त्यांना भाच्याकडून सगळं कळलं होतं. नाना शांत माणूस, द्राक्षबागेत आयुष्य गेलेलं, पण त्या दिवशी चिडले.

"त्यानं तुमचं लय वाईट केलं, मान्य हाय. पण हा गट काय तुमचा सूड काढायला हाय का?"

"हो," बाई म्हणाल्या. "थोडासा. बाकी सगळा तुमच्यासाठी."

"आन तो मेला म्हंजी? गोळ्या बंद केल्यात त्यानं."

बाई म्हणाल्या, "गोळ्या चालू करायला सांगितलंय त्याला. भाच्याकडून निरोप दिलाय. मेला तर माझ्या काय कामाचा?" नाना माझ्याकडे बघून हसले. मी हसलो नाही. मला अजून एक-दोन रविवार हवे होते.

तिसऱ्या खेपेला आम्ही फाटक लावायच्या आधीच तो बाहेर उभा होता. सात वाजायचे होते. बाईंनी शिट्टी तोंडाशी नेली होती ती तशीच राहिली. मी फाटकातून बाजूला झालो. तो आत आला, बाईंच्या खुर्चीसमोर उभा राहिला. शर्टाची सगळी बटणं जागच्या जागी, पण शर्ट चुरगळलेला. पाठीला, बाह्यांना, सगळीकडे आडव्यातिडव्या घड्या. पायात चपला नव्हत्या, बूट होते, आणि त्यांच्या नाड्या घट्ट, दुसऱ्या कुणी तरी बांधलेल्या.

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कपडे घालूनच झोपलात?"

"हो."

"बुटांसकट?"

"बुटांसकट. काल संध्याकाळी शेजाऱ्याकडून बांधून घेतले. दुसरा उपाय सापडेना."

"दुसरा नाहीच," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून बदली झाल्यावर पेठकडच्या शाळेसाठी मी अशीच झोपायचे. कॅनव्हासच्या बुटांसकट. वर्षानुवर्षं."

तेव्हा मी अख्खा वळलो आणि बाईंकडे नीट बघितलं. त्यांच्या साडीला एका अंगाने घड्या पडल्या होत्या, पदराची पिन आदल्या दिवशीची, आणि पायात बूट. वेणीची एक बाजू उशीने चपटी झालेली. त्याला फाटकाबाहेर उभं करायचं म्हणून या बाई तीन रविवार साडी नेसून, बूट घालून झोपल्या होत्या. नोकरी सुटल्यावर जे पुन्हा कधी करायचं नाही असं ठरवलं असेल, ते त्यांनी या माणसासाठी केलं. रस्त्याने कुणी गेलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? चुरगळलेल्या कपड्यांतली दोन म्हातारी माणसं, एक बसलेलं, एक उभं, आणि दोघांनाही हलता येत नाही.

त्याचंही लक्ष गेलं होतं. तो बाईंच्या बुटांकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले.

"बाई, मी तेव्हा तुम्हाला जे—"

बाईंनी शिट्टी फुंकली. एवढी जोरात की वाचनालयाच्या छपरावरची कबुतरं उडाली. माझे हात वर. त्याचेही हात वर गेले, छातीपर्यंत.

"ते नको," बाई म्हणाल्या. "माफी मागायचं तुम्ही ठरवलंत. द्यायची की नाही ते मी ठरवणार, आणि मी नाही असं ठरवलंय. कळलं?"

"कळलं."

"सकाळ कशी असते ते कळलं?"

"कळलं."

"मग दुपारी चारला या. सगळे येतात तेव्हा. आल्याचा चहा असतो."

अशा रीतीने तो गटात आला. बाईंनी त्याला मागच्या रांगेत बसवलं आणि एक काम दिलं. कवायतीचे आकडे मोठ्याने म्हणायचे. बाईंचा दम पुरेनासा झाला होता, आजार फुप्फुसात उतरला होता. शिट्टी बाई फुंकायच्या, हात आम्ही वर करायचो, आणि मागून त्याचा प्रार्थनेत कमावलेला आवाज यायचा, "एक, दोन, तीन, चार." याखेरीज त्याला गटात बोलायची मुभा नव्हती. तो कधी घसा खाकरून "मला जरा सांगायचं होतं" म्हणाला की शिट्टी, आणि लगेच, "एक, दोन..."

नाना म्हणायचे, बाईंनी माफ केलंय, नुसतं दाखवत नाहीत. मी म्हणायचो, नाही. तुम्हाला काय वाटतं मला माहीत नाही, पण बाई त्याच्याकडे कधी हसून बघितल्याचं मला आठवत नाही. हां, तो आजारी पडला तेव्हा डबा गेला होता. भाचा घेऊन गेला. डब्याचं झाकण सैल लावलं होतं, त्याच्या बोटांना उघडेल एवढं सैल. पण डब्यात भाजी कारल्याची होती.

शेवटी बाई दवाखान्यात होत्या तेव्हा मी भेटायला गेलो. नाकाला नळी, आवाज पार गेलेला. उशीखालून त्या निळी नाडी ओढू लागल्या. ओढता येईना, मीच काढली.

"ही तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर तो बोलायला उभा राहील. असली माणसं समोरचा मेल्यावर बोलतात."

"बाई, तुम्ही बऱ्या व्हाल."

"बोलू द्यायचं नाही." मग जरा हसून, "सावकाश. पण बघून घ्या."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुढे बाईंचा फोटो, त्यात त्या पीटीच्या पोशाखात, हात कमरेवर. वंदना झाली, भंतेजी बोलले, भाचा बोलला, त्यांची जुनी मुलं बोलली, आता ती मुलंही केस पिकलेली. आमचा गट मागे भिंतीशी खुर्च्यांवर बसला होता, कारण खाली बसता येत नाही. कार्यक्रम सकाळचा होता. सगळे आखडलेले, नानांना दोघांनी उचलून रिक्षातून उतरवलं होतं. हेडसरचा शर्ट चुरगळलेला होता.

तो उठला. माईकपर्यंत गेला नाही, जागेवरच उभा राहिला, खुर्चीची पाठ मनगटांनी धरून. सगळे वळून बघू लागले. शाळेतली मुलं त्याला ओळखत होती, त्यांच्यात कुजबुज झाली.

"मी त्यांचा मुख्याध्यापक होतो," तो म्हणाला. "आज सगळ्यांसमोर मला त्यांची—"

तो माझ्या शेजारीच होता, मी अख्खा त्याच्याकडे वळलो. त्याच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसत होतं. नाना माझा गुडघा दाबून मान हलवत होते: नको. मी खिशातून शिट्टी काढली आणि बाईंनी फुंकली असती तशी फुंकली.

पुढे बसलेले लोक दचकले. आणि मग आमच्या भिंतीशी, कुणी काही न सांगता, सगळ्यांचे हात वर जाऊ लागले. सवयीने. कुणाचे खांद्यापर्यंत, कुणाचे कोपरातच अडकलेले, नानांचे मांडीवरून थोडेसे उचललेले. सकाळ होती ना. समोरच्या रांगांमधून बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने आमच्याकडे बघितलं आणि तिनेही हात वर केले. तिच्या मागून बाकीच्या मुलांनी. त्यांचे सरळ वर गेले, ताठ मानेने.

हेडसर तोंड उघडं ठेवून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी शिट्टी पुन्हा ओठांशी नेली. त्याने खुर्चीची पाठ सोडली, हात उचलले, जिथपर्यंत गेले तिथपर्यंत, आणि त्याला जेवढं बोलायची परवानगी होती तेवढं तो मोठ्याने बोलला.

"एक," तो म्हणाला. "दोन. तीन. चार."